हातकागदाची आहेराची पाकिटं: घरच्या कटिंग मशीनवर, तावापासून घडीपर्यंत

लग्नघरात ऐन वेळी हमखास कमी पडणारी वस्तू म्हणजे आहेराची पाकिटं. अक्षता रंगवून होतात, रुखवत लागतं, आणि सीमांतपूजनाच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी विचारतं, "पाकिटं कुठे ठेवलीयेत?" गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ताईने हे काम चार महिने आधीच माझ्यावर सोपवलं. "दीडशे लागतील. दुकानातली चकचकीत नकोत गं, तुझ्या त्या मशीनवर कर काहीतरी."

संगणकावर काढलेली आकृती पात्याने कागदातून कापून देणारं मशीन घरात होतं, साधा कार्डपेपर त्यावर पुष्कळ कापून झाला होता. पाकिटं मात्र हातकागदाची करायची असं मी ठरवलं, आणि पहिले चार ताव अक्षरशः चिंध्या होऊन बाहेर आले. कारण कापसाचा कागद पात्याखाली साध्या कागदासारखा वागत नाही. मशीन दिलेल्या मापाला चुकत नाही, पण समोरचा कागद मऊ आहे की ताठ, ओला आहे की कोरडा, हे त्याला कळत नाही. ते आपल्याला हात लावून बघावं लागतं. म्हणून या लेखात मापं सगळी देते आहे, पण जास्त वेळ कागदापाशीच थांबणार आहे.

कागद निवडताना

हातकागद म्हणजे सुती चिंध्यांचा आणि होजिअरीच्या कातरणांचा लगदा करून, तो जाळीवर उचलून वाळवलेला कागद. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासूनची हातकागद संस्था आहे. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात तर हा व्यवसाय शतकानुशतकं चालत आलेला आहे. कापसाचा धागा लाकडाच्या लगद्यातल्या धाग्यापेक्षा लांब असतो. त्यामुळे हा कागद सहज फाटत नाही आणि पुष्कळ घड्या सोसतो. मात्र त्याच लांब धाग्यामुळे बोथट पातं त्याला कापण्याऐवजी ओढतं आणि कडेला लव उभी राहते.

पाकिटासाठी 110 ते 150 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. त्याहून पातळ असला तर आतली नोट बाहेरून दिसते आणि मॅटवरून, म्हणजे कापताना कागद धरून ठेवणाऱ्या चिकट पत्र्यावरून, काढताना कागद ताणला जातो. 200 च्या पुढे घडी जाडजूड होते आणि पाकीट मिटलेलं राहत नाही. मी 120 चा घेतला.

दुकानात तीन गोष्टी बघा. पहिली, खळ. काही कागदांना बनवतानाच खळ दिलेली असते, काहींना नसते. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. थेंब काही वेळ मोत्यासारखा राहिला तर खळ आहे. टीपकागदासारखा लगेच शोषला गेला तर नाही. खळ असलेला कागद स्वच्छ कापला जातो. बिनखळीच्या कागदावर पातं अडखळतं, शाई पसरते आणि कुंकवाचं ओलं बोट लावलं तर डाग आरपार जातो. दुसरी, आत काय आहे ते. झेंडूच्या पाकळ्या, गवताच्या काड्या, सोनेरी धागे घातलेले कागद दिसायला मोहक असतात, पण पात्याचं टोक काडीवर आपटलं की रेष वाकडी जाते आणि टोकही मोडू शकतं. तसला कागद कातरीने कापून अस्तराला वापरा. तिसरी, जाडी. ताव उजेडासमोर धरा. थोडे ढग दिसणारच, हाताने केलेल्या वस्तूत ते असतात. पण एक कोपरा स्पष्ट जाड आणि दुसरा विरविरीत असेल तर तो ताव बाजूला ठेवा, एकाच दाबात दोन्ही कोपरे कापले जात नाहीत.

या कागदाचा एक मोठा फायदा आहे. गिरणीच्या कागदात धागे एका दिशेने लोळलेले असतात, त्यामुळे एका बाजूने घडी सरळ पडते आणि दुसऱ्या बाजूने तडकते. जाळी हाताने हलवून उचललेल्या कागदात धागे सगळ्या दिशांनी पडतात. आकृती आडवी ठेवा वा उभी, घडी सारखीच बसते.

पूर्ण ताव साधारण 22 × 30 इंचांचा येतो. तो 30 इंचांच्या बाजूने तीन आणि 22 इंचांच्या बाजूने दोन भागांत कापला की 10 × 11 इंचांचे सहा तुकडे मिळतात. प्रत्येक तुकडा 12 इंची मॅटवर आरामात बसतो आणि त्यातून एक पाकीट निघतं. दीडशे पाकिटांना 25 ताव झाले. मी 29 आणले होते. ते जास्तीचे चार कुठे गेले ते वर सांगितलंच आहे.

तुकडे केल्यावर रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. फारच लाटा असतील तर वर सुती रुमाल घालून कोमट इस्त्री फिरवा, वाफ अजिबात नको. पावसाळ्यात हे काम काढलं असेल तर कागद बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि कापायच्या वेळी एकेक काढा. कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैत उघडा पडलेला ताव तासाभरात मऊ होतो आणि आदल्या दिवशी जमलेलं सेटिंग दुसऱ्या दिवशी चालत नाही.

मशीन आणि बाकीचं सामान

क्रिकट एक्स्प्लोर, क्रिकट मेकर, सिल्हूट कॅमिओ, ब्रदर स्कॅन-एन-कट यांपैकी कुठलंही 12 इंची मशीन चालेल. सिल्हूट पोर्ट्रेट 8 इंची आहे, त्यावर आकृती 90 अंशांत फिरवून बसवावी लागेल. छोट्या क्रिकट जॉयवर मात्र हे पाकीट होणार नाही, त्याची कापायची रुंदी साडेचार इंचच आहे.

सोबत हवं ते असं: कागदाचं बारीक टोकाचं नवं पातं, कमी चिकट मॅट, घडीची रेष दाबायला स्कोअरिंगचं टोक, कागद मॅटवर बसवायला लाटणं, रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी आणि घडी घासायला स्टीलचा चमचा. स्कोअरिंगचं टोक नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन पेनाच्या जागी लावा, रेष उत्तम उमटते. लाटणं पोळ्यांचं नको, त्याला तेल लागलेलं असतं. एक वेगळं, कोरडं ठेवा.

माप

पाकिटाचं माप आत काय जाणार यावरून ठरतं. सध्याची 500 ची नोट 150 × 66 मिलिमीटर आहे, 200 ची 146 × 66 आणि 100 ची 142 × 66. सगळ्यात मोठी 500 ची धरून पाकीट 170 × 80 मिमी ठेवलं. चार-पाच नोटा आणि एक चिठ्ठी सरकवायला तेवढी मोकळीक लागते.

आकृती अशी काढा. मधोमध पुढची बाजू, 170 रुंद आणि 80 उंच. तिच्या डाव्या-उजव्या कडेला चिकटवायच्या पट्ट्या, प्रत्येकी 15 रुंद; बाहेरच्या बाजूला वरून आणि खालून 3-3 मिमी तिरक्या छाटलेल्या, म्हणजे घडीत कोपरे अडकत नाहीत. खालच्या कडेला मागची बाजू, 168 रुंद आणि 72 उंच. ती मुद्दाम 2 मिमी अरुंद आहे, नाहीतर घडी घातल्यावर कागदाच्या जाडीमुळे कडेने बाहेर डोकावते. वरच्या कडेला झाकण, 38 उंच. घडीपाशी 168 रुंद आणि टोकाकडे निमुळतं होत 160, कोपरे गोल. मागच्या बाजूच्या मोकळ्या कडेला मधोमध 20 मिमी व्यासाचं अर्धवर्तुळ कापा, झाकण बाहेर काढताना बोट तिथे जातं.

सगळी आकृती 200 × 190 मिमी होते. ए-फोर कागदावरही ती बसते आणि वर 107 मिमीची पट्टी शिल्लक राहते. तिचा उपयोग पुढे आहे. 120 जीएसएमच्या कागदात एका पाकिटाचं वजन सुमारे 4 ग्रॅम भरतं. कुणाला टपालाने पाठवायचं असेल तर हा हिशेब उपयोगी पडेल.

आता नाणं. 101 किंवा 501 मधला तो वरचा रुपया नुसता गोंदाने डकवला की वाटेतच निखळतो. रुपयाचं नाणं सध्या दोन मापांत फिरतं, 2011 च्या मालिकेतलं 22 मिमीचं आणि 2019 च्या मालिकेतलं 20 मिमीचं. दोन्ही बसावीत म्हणून पुढच्या बाजूवर दोन उभ्या चिरा द्या, प्रत्येक 16 मिमी लांब आणि एकमेकींपासून 16 मिमी अंतरावर. नाण्याच्या डाव्या-उजव्या कडा त्यांत खोचल्या जातात आणि आकडा मधोमध दिसत राहतो. चिरांची टोकं किंचित बाहेरच्या बाजूला वळवा, खोचताना कागद पुढे फाटत जात नाही.

आकृती इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, ते मोफत आहे. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आणली की सगळ्यात आधी रुंदी तपासा. इंकस्केप एका इंचात 96 पिक्सेल धरतं, काही सॉफ्टवेअर 72 धरतात. मग 200 मिमीची आकृती 267 ची होऊन बसते आणि पहिलं पाकीट कापून होईपर्यंत ते लक्षात येत नाही. सिल्हूट स्टुडिओच्या मोफत आवृत्तीत संगणकावरची एसव्हीजी फाइल (इंकस्केप नेहमी ज्या प्रकारात आकृती साठवतं ती) उघडत नाही, तिच्यासाठी डीएक्सएफ या दुसऱ्या प्रकारात फाइल काढून घ्या.

घडीच्या चार रेषांना 'स्कोअर' आणि बाकीच्यांना 'कट' असं नेमून द्या. क्रिकटमध्ये हे सगळं निवडून 'अटॅच' करायला विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर घडीच्या रेषा उचलून मॅटच्या दुसऱ्याच कोपऱ्यात नेऊन ठेवतं. क्रम असा हवा: आधी घडीच्या रेषा, मग नाण्याच्या चिरा, शेवटी बाहेरची कड. कड आधी कापली की तुकडा सुटा होतो आणि नंतरची कामं हलतात.

काही जण घडीसाठी तुटक कापलेली रेष वापरतात. साध्या कार्डावर ते ठीक असेल. हातकागदावर मी तसं करणार नाही. प्रत्येक तुटक छेदातून धागे वर येतात आणि पाकिटाची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. दाबलेली रेषच हवी.

कापणं

कागदाच्या दोन बाजू बोटाने चाचपून बघा. एक जरा गुळगुळीत असते, एक खडबडीत. गुळगुळीत बाजू वर ठेवा. घडीची रेष या बाजूने दबते आणि कागद मागे वळवायचा असतो, म्हणजे खाच बाहेर आणि उंचवटा आत जातो. उलट घडी घातली तरी पाकीट होतं, पण घडीची धार बोथट राहते.

नवी मॅट फार चिकट असते आणि हातकागदाची खालची लव ओढून घेते. आधी ती एका स्वच्छ सुती कापडावर दोन-तीनदा दाबून उचला. मग कागद मधोमध ठेवून लाटणं मधून बाहेरच्या दिशेने फिरवा. चारही कडांना चिकटपट्टी लावा, तुकडा आकृतीपेक्षा मोठा ठेवला आहे तो याचसाठी.

आता चाचणी. दीडशेतलं एकही पाकीट मी चाचणीशिवाय सुरू केलेल्या तावातून काढलं नाही, आणि ही पायरी गाळू नका असं मी आग्रहाने सांगेन. तुकड्याच्या कोपऱ्यात, आकृतीच्या बाहेर, 15 मिमीचा चौकोन आणि त्याच्या आत एक त्रिकोण कापा. सेटिंग मध्यम कार्डस्टॉकपासून सुरू करा, दाब थोडा कमी करा, वेग निम्म्याच्या खाली आणा आणि एकाऐवजी दोन फेऱ्या द्या. सगळी मेख या दोन फेऱ्यांत आहे. जोराच्या एकाच फेरीत पातं धागे ओढत नेतं. हलक्या दोन फेऱ्यांत पहिल्या वेळी वरचे धागे तुटतात आणि दुसऱ्या वेळी पातं त्याच खाचेतून खाली उतरतं.

चौकोन चिमट्याने उचला. सहज निघाला, कडा स्वच्छ आहेत, तर पुढे जा. कोपऱ्यांत धागे अडकले असतील तर तिसरी फेरी द्या, दाब वाढवू नका. त्रिकोणाचं टोक फाटलं असेल तर वेग आणखी कमी करा. लव सगळीकडे उभी राहत असेल तर पातं बघा: काढून फुंकर मारा, मग ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यात दहा-बारा वेळा टोचा, अडकलेले धागे निघतात. तरीही तसंच असेल तर पातं बोथट झालंय, बदला. आणि चौकोन कापला जाऊन खालच्या मॅटवर खोल रेघ उमटली असेल तर दाब जास्त आहे.

तावाचे सहा तुकडे एकाच ढंगाचे असतात, त्यामुळे चाचणी तावाला एकदा पुरते. नवा ताव घेतला की नवी चाचणी. एकाच गठ्ठ्यातला असला तरीही.

कापून झाल्यावर मशीनमधून मॅट बाहेर काढण्याआधी एक कोपरा उचलून बघा. कापलं गेलं नसेल तर तिथल्या तिथे आणखी एक फेरी देता येते. एकदा मॅट बाहेर काढली की ती नेमकी त्याच जागी परत बसत नाही.

कागद मॅटवरून काढताना सवयीने आपण कागद ओढतो. तसं केलं की तो गोल वळतो आणि तसाच राहतो. मॅट पालथी करा, कागद टेबलावर हाताने सपाट दाबून धरा आणि मॅटच हळूहळू वर सोलत न्या. प्रत्येक दहा-बारा पाकिटांनंतर मॅटवर लव साठून ती निकामी वाटायला लागते. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश एवढ्याने ती धुऊन उभी वाळवा. कापडाने पुसू नका.

देवनागरी नाव कापायचं असेल तर

मला या कामात सगळ्यात आनंद इथे मिळाला. शिल्लक पट्टीतून 'शुभाशीर्वाद' किंवा घराण्याचं आडनाव कापून पाकिटावर लावता येतं, आणि आपली लिपी यासाठी जणू घडवलेलीच आहे. रोमन अक्षरं कापली की प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि ओळीत डकवताना जीव जातो. आपल्याकडे शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते. ग चा सुटा काना असो की रफार, सगळं वरच्या रेघेला लटकलेलं. शब्द अख्खा एका तुकड्यात हातात येतो.

फक्त तीन गोष्टी सांभाळा. कटिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात आणि वेलांटी भलत्या जागी जाते, म्हणून शब्द इंकस्केपमध्ये लिहून त्याचा पाथ करा, म्हणजे अक्षरांची नुसती बाह्यरेषा. मग सगळी अक्षरं 'युनियन' करून एक करा. हे राहिलं तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात शिरते आणि मशीन तो प्रत्येक जोड कापून काढतं, म्हणजे ज्या रेघेने शब्द धरायचा तीच तुकडे होऊन पडते. तिसरी गोष्ट अनुस्वार. तो कशालाच टेकलेला नसतो. 'शुभमंगल' कापायचं तर टिंब जरा खाली ओढून शिरोरेषेला चिकटवा, किंवा वेगळं कापून शेवटी लावा. मी खाली ओढलं, वाचताना कुणालाही खटकलं नाही.

अक्षर जाड हवं. 'एक टाइप' या संस्थेचे बलू आणि मुक्ता हे दोन्ही टाइप मुक्त परवान्याचे आहेत. बलू कापायला जास्त सोपा, त्याची वळणं गुबगुबीत आहेत. अक्षराची सगळ्यात बारीक रेघ 2 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. हातकागदात त्याहून बारीक रेघ धाग्यांनिशी उचकटते. शब्दाची उंची 25 ते 30 मिमी ठेवली की हे आपोआप जमतं.

घडी आणि खळ

आधी चारही घड्या कोरड्या घालून बघा. रेषेवर बोटाने वळवा, मग चमच्याची पाठ मधून कडेकडे घासत न्या. कागद चकाकायला नको असेल तर वर साधा कागद ठेवून घासा. क्रम: बाजूच्या पट्ट्या आत, मग मागची बाजू वर.

चिकटवायला बाजारचा पांढरा गोंद चालतो, पण तो ओला असतो आणि जास्त लागला की हातकागद लगेच सुरकुततो. मी मैद्याची खळ केली. एक चमचा मैदा सहा चमचे पाण्यात गुठळी न होता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. थंड झाल्यावर दाट दह्यासारखी हवी. फ्रिजमध्ये ती तीन-चार दिवस टिकते. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी असतं. आहेराची पाकिटं लहान मुलांच्या हातातही जातात, तेव्हा ते नकोच. पाकीट नीट वाळवलं की पुरतं.

खळ बोटाने किंवा चपट्या ब्रशने फक्त पट्ट्यांवर लावा, घडीपासून 2 मिमी सोडून. मागची बाजू मिटण्याआधी आत रद्दी कागदाची 16 सेंटिमीटरची पट्टी सरकवा. खळ थोडी आत सरकलीच तर पुढची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटत नाही. मग दहा-दहाचे गठ्ठे करून तासभर वजनाखाली ठेवा आणि वजन काढल्यावर झाकणं उघडी ठेवून वाऱ्यावर रात्रभर वाळवा. ही घाई केली की आतला ओलावा नोटेला लागतो.

नाणं झाकण बंद करण्याआधीच खोचा. आतून दोन बोटं घालून कागद किंचित फुगवला की दोन्ही कडा चिरांत जातात. झाकण मागच्या बाजूच्या आत खोचायचं. ते चिकटवू नका, आहेर देणारा त्यात ऐन वेळी नोट बदलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीकुंकवाची बोटं शक्यतो कोरडी लावा, किंवा पाण्याऐवजी तुपात कालवून अगदी पुसट.

माझ्या मशीनवर एक पाकीट कापायला साधारण चार मिनिटं लागायची, घडी आणि खळ धरून दहा. रोज संध्याकाळी बारा करायचे, एका बैठकीत त्याहून जास्त नाही, कारण थकलेला हात कागद ओढायला लागतो. तेरा दिवसांत दीडशे झाली. प्रत्येक तावाच्या चाचणीचा चौकोन मी एका वहीत चिकटवून शेजारी दाब, वेग, फेऱ्या आणि त्या दिवशी पाऊस होता की ऊन, एवढं लिहून ठेवलं. परवा शेजारच्या मुंजीसाठी वीस पाकिटं करायची होती, तेव्हा ती वही उघडली आणि पहिलाच ताव नीट कापला गेला.